न वाकणाऱ्या माणसाचा फड

"धुळाजीचा ट्रक कधी पंक्चर झालेला बघितलाय का कुणी?" गेनूमामानं विचारलं आणि कनातीच्या सावलीत बसलेली सत्तर माणसं हसली.

आई हसली नाही. तिला हसता येत नव्हतं. माघात आलेल्या झटक्यानंतर तिचा अर्धा चेहरा तिचा राहिला नव्हता. एक डोळा आमच्याकडं बघायचा, दुसरा कुठंतरी लांब. तिला बाजेवर उशांना टेकवून आम्ही बाहेर आणलं होतं. चैत्र तोंडावर आला होता. कुठल्या गावच्या जत्रेला कधी तमाशा, ते खडूनं ट्रकच्या फळीवर लिहून झालं होतं. ते दोन महिने फड हिंडला तर सत्तर माणसांच्या चुली वर्षभर पेटायच्या. नाही हिंडला तर माणसं पांगणार, आणि पांगलेला फड परत उभा राहत नाही. आई आता उठणार नव्हती. फड कुणी चालवायचा ते त्या दुपारी ठरवायचं होतं.

"मामा, चेष्टा बास," ढोलकीवाला अंबादास म्हणाला. "सरळ बोलतो. दिगूदादानं पंधरा वर्षं धुळाजी नाईक उभा केलाय. धुळाजी टोळीला आधी जेवू घालतो, मग सोता जेवतो. शब्द देतो, फिरवत न्हाई. संकटात म्होरं, वाटणीला मागं. मालक म्हणून आनखी काय पायजे तुम्हाला?"

धुळाजी नाईक कधी जन्मालाच आला नव्हता. आमच्याच फडाच्या जुन्या शाहिरानं तो रचला होता: डोंगरातला बंडखोर, सुभेदारापुढं मान न वाकवणारा. पण गावोगावच्या लोकांना तो खराच वाटायचा. दिगंबर फेटा बांधून, मिशीला पीळ देऊन तमाशाच्या फळीवर आला की म्हातारी माणसं बसल्या जागी हात जोडायची. शेवटाला त्याला साखळदंडात आणत आणि मागून झीलकरी गायचे:

वाकला वेळू, वाकली वेल, वाकलं आभाळ डोंगरी,
धुळाजीची मान ना वाके, ठेवा तलवार नरडीवरी!

तिथं टोप्या उडायच्या. दरवर्षी, दर गावात.

गेनूमामा आमचा सोंगाड्या. वगात धुळाजीचा भित्रा नोकर. तोंडावर काजळाची वाकडी मिशी, डोक्याला मुंडासं, आणि नुसता फळीवर आला तरी माणसं हसायची. तो उकिडवा बसून काडीनं माती उकरत होता.

"अंबादास, मी त्या टोळीत बावीस वर्षं नोकरीला हाय," तो म्हणाला. "लई चांगली टोळी. कुणाचं पोर आजारी पडत न्हाई. कुणी उचल मागत न्हाई. कुणी कुणाच्या शेजारी झोपाया नको म्हनत न्हाई. धुळाजी 'चला' म्हनला की चाळीस माणसं 'चला' म्हनत्यात. हितं मी 'चला' म्हनलं की निम्म्या जणांना तवाच परसाकडं लागती."

पुन्हा हशा. दिगंबरही हसला. अंगानं धिप्पाड, पण बोलायला मऊ माणूस. फळीवरून उतरला की आवाज शोधावा लागायचा.

आईनं उजवा हात उचलला. सगळे गप्प झाले. ओठाच्या एका कोपऱ्यातून तिनं एकच शब्द काढला.

"इंदू."

सत्तर माणसांनी माझ्याकडं पाहिलं. मी सव्वीस वर्षांची होते. सातवी झालेली. गावांशी बोलणं, तिथी लावणं, गाड्या ठरवणं हे दोन वर्षं मीच बघत होते.

"मला नको," मी म्हणाले. "बाईमाणसाचं गाव ऐकत नाही. दिगूदादालाच द्या."

आईचा चांगला डोळा माझ्यावरच राहिला. बाईमाणसाचं गाव ऐकत नाही, हे मी तिच्यासमोर बोलले होते. वीस वर्षं गावांनी तिचंच ऐकलं होतं.

"मी नट हाय गं, इंदू," दिगंबर खाली बघत म्हणाला. "मला पाठ असतंय तेवढंच बोलता येतंय."

"मग तेच बोल," मी म्हणाले. "धुळाजी वागतो तसा वाग. बास."

अंबादासनं ढोलकीवर थाप मारली. ठरलं.

*

आणि सुरुवातीला खरंच सोनं झालं, ते का नाकारू?

दिगंबर सगळ्यात शेवटी जेवायला बसायचा. भाकरी संपली तर पाणी पिऊन उठायचा. बायांच्या राहुटीत कपडे बदलताना गावातली पोरं कनातीला भोकं पाडून बघायची, ते आम्ही जन्मापासून बघत आलो होतो. दिगंबरनं पहिल्याच गावात पंचांना बोलावून सांगितलं, "राहुटीभोवती तुमचीच माणसं उभी करा, न्हाईतर पडदा उघडणार न्हाई." उभी केली. मंदा, आमची एकोणीस वर्षांची नाचणारी पोर, त्या दिवशी मला म्हणाली, "इंदूताई, आज मी पयल्यांदा सावकाश लुगडं नेसले."

पाच गावं झाली. माणसं ताठ चालायला लागली. अंबादास तर फडाचा सेनापती असल्यासारखा हिंडायचा. मी रोज आईच्या बाजेपाशी बसून सगळं सांगायचे. ती ऐकायची. एकदा म्हणाली, शब्द चावत चावत, "आजून... दगड... पडला न्हाई."

ती कशाबद्दल बोलत होती ते मला कळलं. गाव बिघडलं, पिलेली पोरं उठली, खुर्च्या आणि दगड यायला लागले, की आई आत जाऊन तोंडाचा रंग खोबरेल तेलानं पुसायची. दागिने काढायची. विटकं घरातलं लुगडं गुंडाळायची आणि एकटी फळीवर जायची. रंगवलेल्या तोंडाचं गाव खरं मानत नाही, असं ती म्हणायची. मग पदर पसरायची. "बापांनो, ही माझी लेकरं. चुकलं आसंल तर जोडं मला मारा. लेकरं पदरात घाला." आणि गुडघ्यावर बसून कपाळ फळीला टेकवायची. मी नऊ वर्षांची असल्यापासून ते कापडाच्या फटीतून पाहिलंय. गाव गप्प व्हायचं. कुणीतरी म्हातारा म्हणायचा, "बसा रे, बाई पाया पडली." मग पुन्हा ढोलकी.

परत आली की ती कपाळाची माती पुसायची नाही. तशीच पान लावायला बसायची. मी तिच्याकडं बघत नसे.

*

सहाव्या गावाचं नाव मी अजून घेत नाही.

रात्रीचा वग दणक्यात झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी होती. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी, देवळापुढच्या मोकळ्या जागेत फळी टाकून, कनात बांधून, फडानं देवाला आणि गावाला गाणं द्यायचं, त्याला हजेरी म्हणतात. वग नसतो. गण, गवळण, दोनचार लावण्या, गाव मागेल ते. नऊ वाजले होते. ऊन वर चढत होतं. रेवड्यांचे गाडे, कुस्त्यांसाठी आलेली माणसं, बाया कट्ट्यावर लेकरं घेऊन बसलेल्या. भिण्यासारखं काही नव्हतं.

गावानं धुळाजी मागितला. "नाईकाला आणा! रातचं कवन म्हणाया लावा!" म्हणून दिगंबरनं घाईनं फेटा बांधला, मिशी चिकटवली, कमरेला लाकडी तलवार लावली. हजेरीला तो कधी पोशाख करत नसे. त्या दिवशी केला.

त्याच्या आधी मंदाची लावणी चालली होती. खालून एकानं नोट वर धरली. पांढरा शर्ट, गळ्यात रुमाल. गावच्या मानकऱ्याचा पुतण्या. मंदा रिवाजाप्रमाणे वाकून नोट घ्यायला गेली, आणि त्यानं तिचं मनगट धरलं. सोडेना. ती हसत हसत सोडवत होती, जसं आम्ही सगळ्याजणी सोडवायला शिकतो. त्यानं ओढलं. ती गुडघ्यांवर पडली. घुंगरं फळीवर विस्कटल्यासारखी वाजली.

दिगंबर मागून आला आणि त्यानं त्या पोराच्या थोबाडीत मारली.

एकच. पण नाईकाच्या पोशाखात, सगळ्या गावासमोर, त्याच्याच देवापुढं.

क्षणभर इतकं शांत झालं की गाड्यावर चरचरणाऱ्या भज्यांचा आवाज आला. मग मागून आरोळी उठली. "तमासगीर गावाला मारतो व्हय? माफी माग!"

पुढच्या रांगेतून शिवरामअण्णा पंच उठले. शांत, पांढऱ्या मिशांचे, रात्री दिगंबरला स्वतः मानाचा नारळ देऊन गेलेले. "नाईक," ते म्हणाले, "पोराचं चुकलं, मी बघतो त्याच्याकडं. पर गाव तापलंय. एकदा हात जोडा. मिटवू."

दिगंबरनं हात जोडले असते. मला आजही तसं वाटतं. त्याचा हात तलवारीवरून सुटला होता. पण गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "धुळाजी हात जोडतोय का बघू!" दुसरीकडून उत्तर आलं, "न्हाई जोडायचा! नाईक हाय तो!" शिट्ट्या. टोप्या उडाल्या. ज्यांनी रात्री त्याला डोक्यावर घेतलं होतं तेच अर्धे, आणि अर्धे 'माफी माग' म्हणणारे. त्या दोन अर्ध्यांच्या मधे तो उभा होता. त्याची मान वर झाली.

"मान कापा," तो म्हणाला. धुळाजीच्या आवाजात. "वाकणार न्हाई."

टाळ्या पडल्या. त्यांच्यातूनच पहिला दगड आला.

दगड ढोलकीवर बसला. मग आणखी. मंदाला मी आत ओढलं. बाया पडद्यामागं जमिनीला चिकटल्या. फळीवर दिगंबर तसाच उभा होता, छाती पुढं काढून, आणि दगड त्याला लागत नव्हते. लोक त्याला चुकवून मारत होते. धुळाजीला कोण मारेल?

"इंदू," अंबादास माझ्या कानाशी म्हणाला. "जा."

मला कळलं नाही असं मी दाखवलं.

"अगं, तुझी आई जायची तशी जा. तुझं ऐकतील. लुगडं बदलू नको, हाय तशी जा. पदर पसर."

मी साध्या लुगड्यात होते. तोंडाला रंग नव्हता. फळीपर्यंत आठ पावलं. मी कनातीचा खांब धरला होता. खांबाच्या बांबूवर एक सुतळी गुंडाळलेली होती, ती मी नखानं सोडवत होते.

"मी नाही," मी म्हणाले. "मी कुणाच्या पाया पडणार नाही."

गेनूमामा माझ्या मागं उभा होता. त्यानं ते ऐकलं. नाईकाबरोबर त्याच्या नोकराचीही पाळी यायची होती, म्हणून तोंड अर्धंच रंगवून झालेलं: एकाच बाजूला काजळाची मिशी, एक गाल पांढरा. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि माझ्या शेजारून गेला.

फळीवर जाऊन तो गुडघ्यांवर बसला. उपरणं दोन्ही हातांनी पसरलं.

"बापांनो," तो म्हणाला, "ही माझी लेकरं. चुकलं आसंल तर जोडं मला मारा..."

गाव हसलं.

गडगडून हसलं. अर्ध्या मिशीचा सोंगाड्या बाईसारखा पदर पसरून बसलाय! बाया कट्ट्यावर पोट धरून हसल्या. "आजून म्हण! आजून म्हण!" मामा रडत होता. खरंच रडत होता, काजळ गालावरून ओघळत होतं, आणि जितका रडला तितकं गाव हसलं. "खरं सांगतो, बापांनो," तो ओरडला, "सोंग न्हाई हे!" तेव्हा तर शिट्ट्यांनी देऊळ दुमदुमलं.

पांढऱ्या शर्टाच्या पोरानं खाली वाकून दगड उचलला. तो मला दिसला. तोही हसत होता. रागानं मारला नाही त्यानं. जत्रेत डब्यांच्या मनोऱ्यावर चेंडू मारतात तसा मारला.

मामाच्या कानशिलावर बसला. तो कुशीवर पडला, उपरणं हातात तसंच ताणलेलं. लोक हसत राहिले. त्याचे पाय दोनदा झाडले गेले, त्यालाही हसले. मंदा किंचाळत बाहेर धावली, तेव्हा पुढच्या रांगा गप्प झाल्या. मागच्या रांगा बराच वेळ हसतच होत्या.

*

तालुक्याला नेईपर्यंत जीपमध्येच तो गेला. माझ्या मांडीवर डोकं होतं.

दुपारी दवाखान्याच्या मागच्या ओवरीत शिवरामअण्णा आले. बरोबर दोघं पंच. अण्णांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"लई वाईट झालं," ते म्हणाले. "मी लपवत न्हाई, पोरी. पर ऐक. तुमचे दोन्ही ट्रक, कनात, सामान गावात हाय. पोलिसात नाव गेलं की ते सगळं तिथंच अडकलं. आनि म्होरची तुमची अकरा गावं... त्या पोराच्या घरच्यांची सोयरीक हाय त्या सगळ्यांत. एक गाव पडदा उघडू देणार न्हाई."

"खून झालाय, अण्णा," दिगंबर म्हणाला. अंगावर अजून नाईकाचाच पोशाख होता. मिशीची एक बाजू सुटून लोंबत होती. "तुमच्या डोळ्यांदेखत."

"दगड शंभर पडले. कुणाचा लागला, कुणी बघितलं?"

"इंदूनं बघितलं." दिगंबर माझ्याकडं वळला. "जीपमदी सांगितलंस तू मला. सांग त्यांना. सांग पोलिसांना."

सगळे माझ्याकडं बघत होते. ओवरीच्या पायऱ्यांवर आमची माणसं बसलेली. अंबादासची बायको पोटुशी. मंदाच्या मनगटावर बोटांचे निळे वळ.

"फळी ओली होती," मी म्हणाले. "मामाचा पाय घसरला."

दिगंबरला आधी कळलंच नाही. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला, जसं काही मी ओळ चुकले होते आणि आता दुरुस्त करीन.

"इंदू, धुळाजीनं हे केलं नसतं."

"धुळाजीला उद्या कनात ठोकायची नव्हती."

"तूच म्हनलीस, तसा वाग."

"म्हणाले."

"मग आज का..." त्याचा आवाज पुन्हा तो जुना, शोधावा लागणारा झाला होता. "आज माझं चुकलं का गं? त्या पोरीचा हात सोडवला, ते चुकलं?"

मी उत्तर दिलं नाही. छत्तीस वर्षं झाली, अजून दिलेलं नाही. तो ओवरीतून उतरला, फेटा सोडून काखेत घेतला आणि यष्टीच्या थांब्याकडं चालत गेला. पुढं तो कुठल्याच फडात उभा राहिला नाही. वीटभट्टीवर मुकादम झाला, असं कुणीतरी सांगितलं. माणसं त्याला मानायची म्हणे.

हवालदारानं जबाब वाचून दाखवला. विचारलं, "सही का अंगठा?"

"सही," मी म्हणाले आणि सातवी शिकलेल्या वळणदार अक्षरात सही केली.

आईला ट्रकमध्ये सांगितलं. सगळं सांगितलं, खांब धरून उभी होते तेही. मग तिचा चांगला हात माझ्या डोक्यावर आला. जड, कोमट.

"शिकलीस," ती म्हणाली.

मी तो हात झटकून टाकला नाही.

*

गेनूमामाची बायको सालूमामी दुसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीनं आली. तोवर आम्ही सातव्या गावाच्या वेशीवर उतरलो होतो. कनातीच्या मेखा ठोकल्या जात होत्या. मामाला तिची वाट न बघता आदल्या संध्याकाळीच तालुक्याला अग्नी दिला होता; त्याच्या राखेचं गाडगं मी माझ्या पेटीजवळ ठेवलं होतं, लाल फडक्यात बांधून. ती माझ्यापुढं जमिनीवर बसली. बारीक, कोरडी बाई. रडून झालेलं होतं, नाहीतर अजून यायचं होतं.

"पाय घसरला म्हणं," ती म्हणाली.

"हं."

"बावीस वर्सं त्यो फळीवर कोलांट्या मारत व्हता. कदी घसरला न्हाई."

मेखेवर घण पडत होता. मी त्या आवाजावर कान लावून बसले. पुढचा पडेपर्यंत बोलायचं नाही, मग त्याच्या पुढचा.

"फळी ओली होती, मामी."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग नजर काढून घेतली. तिला कळलं की नाही, ते मला अजूनही समजलेलं नाही. गाडगं ओढून तिनं मांडीवर घेतलं, फडक्याची गाठ बोटांनी चाचपली.

"एक इच्यारू? खरं सांगशील?"

"विचार."

"त्यो पडला, तवा... लोकं हसली का गं?"

"हसली, मामी," मी म्हणाले. "लई हसली."

"मग बरं," ती म्हणाली. "हसली न्हाईत तर तेला लई वाईट वाटायचं. घरी येऊन जेवायचा न्हाई."

आणि ती गाडगं पोटाशी धरून उठली. मी तिला यष्टीत बसवून आले. परत आले तर कनात उभी राहिली होती आणि गावचे पंच पुढच्या खुर्च्यांवर बसून वाट बघत होते, फडाचा मालक कोण ते विचारत.